किरीटाची उष्णता

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. त्याच्याभोवतीच्या अतिविरळ वातावरणाचे, म्हणजे किरीटाचे, तापमान मात्र दहा लाख अंशांच्या वर. आचेपासून दूर जावे तसे तापावे, असा हा उलटा प्रकार आहे.

एरवी सूर्यतेजात लोपणारा किरीट डोळ्यांना दिसतो तो खग्रास ग्रहणात. १८ ऑगस्ट १८६८ ला अशा ग्रहणाची सावली सांगलीवरून आणि पटवर्धनांच्या जमखंडीवरून गेली. जमखंडीला जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. २२ जानेवारी १८९८ ची सावली विजयदुर्गाकडून आली आणि कऱ्हाडच्या बाजूने सातारा जिल्हा ओलांडून जेऊरकडे गेली. जेऊरला पुण्याचे कावसजी नायगमवाला निरीक्षण करत होते.

किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा असते. १८६९ मध्ये ती सापडली तेव्हा कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवेच मूलद्रव्य कल्पिले गेले. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी कोडे सोडवले. ते लोखंडच निघाले, पण २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेले. लोखंडाची अशी गत व्हायला लाखो अंशांचीच उष्णता हवी. ‘आदित्य-एल१’ यानावरची व्हेल्क दुर्बीणही याच रेषेवर नजर ठेवते.

ही उष्णता येते कुठून? विद्युतभारित वायूतल्या चुंबकीय बलरेषा ताणलेल्या तारांसारख्या थरथरू शकतात, असे स्वीडनच्या हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये दाखवले. मिरजेच्या तंबोऱ्याची तार जितकी ताणलेली आणि बारीक, तितकी तिच्यातली लाट वेगवान. तसेच इथे क्षेत्र प्रबळ आणि वायू विरळ असला की लाट जोरात धावते. पृष्ठभागाखाली खदखदणारा वायू बलरेषांची मुळे सारखी हलवत असतो, त्यामुळे लाटांना तोटा नाही.

ऊर्जा वर पोचवणे त्या मानाने सोपे, ती तिथे जिरवणे अवघड. वायू इतका विरळ, की घर्षण जवळपास नाहीच. मात्र शेजारशेजारच्या बलरेषांवर लाटांचा वेग सारखा नसतो. त्यांचा मेळ सुटत जातो, लगतचे थर उलटसुलट हलू लागतात आणि मग घर्षणाला वाव मिळतो.

२००७ मध्ये जपानच्या ‘हिनोदे’ उपग्रहाने अशा लाटा टिपल्या. सूर्याच्या शांत भागाला दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॅट लागतात. तेवढे लाटा पुरवू शकतील. सौरडागांभोवती मात्र मागणी १०,००० वॅटपर्यंत जाते. तिथे यूजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये मांडलेली कल्पना अधिक पटते: गुंतलेल्या बलरेषा तुटून पुन्हा जुळताना असंख्य लहान स्फोट होतात आणि वायू तापतो.