आकडा मावतो किती?

काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत टपरी लावणाऱ्या, घरी पाहुणे उतरवणाऱ्या आपण सगळ्या आता पैसे फोनवरच घेतो. नवा फोन घ्यायला गेलं की दुकानदार सांगतो, "ताई, हा 64 बिटचा आहे." म्हणजे काय, ते आज पाहू.

गटाच्या वहीत रकमेला चारच घरं आखली, तर 9,999 पर्यंत लिहिता येईल. दहा हजार मावणार नाहीत. फोनच्या मेंदूचं, म्हणजे प्रोसेसरचं, तसंच असतं. तो एका दमात जेवढी घरं हाताळतो, त्याला 'वर्ड' म्हणतात. एक घर म्हणजे एक बिट. त्यात फक्त 0 किंवा 1 बसतो. 8 घरांत 255 पर्यंत आकडा मावतो, 16 घरांत 65,535 पर्यंत, 32 घरांत सुमारे 429 कोटी. 64 घरांत तर जन्मभर मोजलं तरी संपणार नाही एवढा.

लहान प्रोसेसरही मोठा आकडा मोजतो, पण दोन-चार खेपा करून, वेळ लागतो. खरी अडचण येते ती प्रोग्राम लिहिताना घरं कमी ठेवली तर.

पुष्कळ संगणक 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजून तारीख काढतात. जुन्या प्रोग्रामांत त्याला 32 घरं दिलेली आहेत. त्यातलं एक अधिक-उण्याच्या खुणेला जातं. उरलेली 31 घरं 19 जानेवारी 2038 रोजी, आपल्या घड्याळात सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी, भरतील. पुढच्याच सेकंदाला तसं यंत्र तारीख दाखवेल डिसेंबर 1901 ची!

आपला काय संबंध? ज्या लेकीचं सुकन्या समृद्धी खातं 2017 साली उघडलं, ते 21 वर्षांनी, म्हणजे 2038 मध्येच पुरं होतं. घाबरू नका. नव्या यंत्रणांत वेळेला 64 घरं देतात. तरी पासबुकात नोंदी वेळेवर भरून घ्या आणि ते जपून ठेवा. गटाचा हिशोब जुन्या संगणकावर असेल, तर कर्जाचा शेवटचा हप्ता 2040 चा टाकून बघा, तारीख नीट येते का. वापरलेला फोन घेताना किती बिटचा ते विचारा; 32 बिटच्या फोनवर काही नवी अ‍ॅप बसत नाहीत.

वही आखताना आपण पुढची पानं मोजतोच ना? यंत्रालाही तेच विचारायचं: घरं किती?