पाणबुडी शोधणाऱ्यांचे वीर चक्र



आपल्या सुपा-जोयड्यात फौज म्हटली की बेळगावचे मराठा सेंटर आठवते आणि शौर्यपदक म्हटले की बंदूकधारी जवान. कारवारच्या किनाऱ्यावर नौदलाचे जुने टुपोलेव्ह विमान ठेवले आहे. लोक त्यापुढे फोटो काढतात. ते पाणबुड्या शोधायचे, हे थोड्यांनाच ठाऊक.

टुपोलेव्हच्या आधी हे काम अलिझे विमाने करीत. त्यांचा तळ अनमोड घाटापलीकडे, गोव्यात दाबोळीला. विमान पंख्याचे, संथ, आत तिघे.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने आपली 'खुकरी' बुडवली. 18 अधिकारी व 176 नौसैनिक गेले. जहाजासोबत गेलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना महावीर चक्र मिळाले, ते सर्वांना माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी अरबी समुद्रावर एका अलिझेला पाकिस्तानी एफ-104 ने पाडले. ते आवाजाच्या दुप्पट वेगाचे लढाऊ विमान. ही कसली बरोबरी! लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन परतले नाहीत. रॉय यांना वीर चक्र मिळाले. हंगोर निसटलीच. पण पदक शिकार साधली म्हणूनच द्यायचे असते काय?

नौदलाच्या तळासाठी आपल्या जिल्ह्याने गावे दिली. तेव्हा पुढच्या 26 जानेवारीला मुलांना कारवारला न्याल, तर त्या विमानापाशी ही तीन नावे सांगा. आणि आपल्या घरातले कोणी नौदलात होते, त्यांची नावे, हुद्दे, पदके मंडळाकडे लिहून द्या.