पाणीदार पातं



माझ्या अब्बांच्या खिशात एक मिटता चाकू असे. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी. पुलांचे गर्डर बनवणारा हा कारखाना. दिवसभर अवजड लोखंडाशी झटापट करणारा हा माणूस संध्याकाळी दारात बसून आम्हा भावंडांना त्या चाकूने पेरू कापून देई. फोडी इतक्या पातळ की आरपार उजेड दिसावा.

तो चाकू दुकानातला नव्हता. बाजारात पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडून त्यांनी तो एका झिजलेल्या कानशीपासून घडवून घेतला होता. कानसच का, असं मी एकदा विचारलं. अब्बा म्हणाले, "जी लोखंडाला खाते, ती पेरूला काय सोडते!"

त्यामागचं शास्त्र मला पुढे वाचनातून कळलं. लोखंडात कर्ब किती, यावर पोलादाचा स्वभाव ठरतो. खिडकीच्या गजात कर्ब साधारण ०.२ टक्के असतो. गज वाकतो, पण त्याला टिकाऊ धार येत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून त्याचे कोयते चांगले होतात. कानशीत तो सव्वा टक्क्यापर्यंत जातो. कर्ब वाढला की धार टिकते, पण पातं ठिसूळही होतं. म्हणून पाणी देण्याला महत्त्व. लाल तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं. हातून पडलं तर तुटेल. मग ते घासून उजळायचं आणि पुन्हा मंद आचेवर धरायचं. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबायचं. तो रंग ओळखण्यातच कारागिराचं कसब. अशा पात्याला आपण पाणीदार म्हणतो. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न येण्याचे दिवस काढलेल्या आम्हा मनमाडकरांना हा शब्द जरा जास्तच आवडतो!

पोलाद ही आपल्याकडची जुनी विद्या. १७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून 'वूट्झ' या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. तिथे स्टोडार्ट नावाच्या कुशल कारागिराने त्यातून लेखणी तासायचा लहान चाकू घडवला. त्याची धार तिकडच्या उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली, अशी नोंद १७९५च्या निबंधात आहे. अशा चाकूला फारसीत 'कलमतराश' म्हणतात. 'चाकू' आणि 'पोलाद' हे शब्दही मराठीत फारसीतूनच आले. आता ते इतके घरचे झाले आहेत, की त्यांना कोणी गाव विचारत नाही.

कॉलेजात असताना मला मात्र स्टेनलेसची भुरळ पडली. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधत होते. त्यात त्यांना सुमारे १३ टक्के क्रोमियमचं, न गंजणारं पोलाद सापडलं. क्रोमियमचा अदृश्य थर त्याला जपतो. सुरुवातीला या सुऱ्या कापतच नाहीत, अशी थट्टा झाली. पुढे सुधारणा झाल्या आणि घरोघरी स्टेनलेस आलं. धुवा, ओलं ठेवा, विसरा, त्याची तक्रार नसते.

अब्बांच्या चाकूचं तसं नव्हतं. कांदा, लिंबू, पेरू कापून त्यावर निळसर करडा थर चढला होता. अम्मीला तो मळ वाटे. पण तो थरच तांबड्या गंजाला थोडा अटकाव करतो. मात्र काम झालं की पातं पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, हे रोजचं.

मग डिसेंबर १९९२ आला. मुंबई पेटली होती. आमचं गाव जंक्शनचं. तिकडून आलेल्या प्रत्येक गाडीतून बातम्या उतरत. मी अब्बांना म्हणालो, "तो चाकू आता खिशात ठेवू नका. झडतीत सापडला, तर पेरूचं कोणी ऐकून घेणार नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चाकू फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला. गाव शांत होतं, पण चाकू पुन्हा बाहेर निघाला नाही. मीही कधी म्हटलं नाही, की आता काढा.

अब्बा गेल्यावर ट्रंक उघडली. फडक्याने वर्षानुवर्षांची दमट हवा धरून ठेवली होती. पातं तांबडं झालं होतं, मूठ उघडेना. मी तो शिकलगाराकडे नेला. त्याने रॉकेलमध्ये भिजवून, घासून पातं मोकळं केलं. म्हणाला, "कानशीचं आहे. वर खड्डे राहतील, पण धार धरेल." धार धरली. खड्डे राहिले.

आता मी त्याच चाकूने पेरू कापतो. कापून झालं की पुसतो, खोबरेल तेलाचं बोट फिरवतो. गाडीने परगावी निघालो, की मात्र तो अजूनही घरीच ठेवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)