गप्प राहणाऱ्यांकडे पाहा

गतवर्षी नातवाने रस्त्यावरील एक मांजराचे पिल्लू घरी आणले. माझ्या दिवंगत यजमानांची चौदा वर्षांची मांजर घरात होतीच. पिल्लू तिच्या पाठीवर झेप घेई, मानेला चावे. ती ओरडत नसे. म्हणून मी त्यास खेळ समजून कौतुकाने हसत असे.

खऱ्या खेळात पाळी असते. आता एक वर, तर क्षणात दुसरे. नखे आत ओढलेली असतात. येथे पाठलाग करणारे एकच आणि पळणारीही एकच होती. तिचे मागे पडलेले कान मी पाहिलेच नाहीत. मग दोन दिवस ती पलंगाखालून निघाली नाही, अन्नाला शिवली नाही. मांजराचे असे उपाशी राहणे यकृतास घातक ठरू शकते. कण्हणाऱ्याकडे सर्वच धावतात, गप्प पडलेल्या रुग्णाकडे आधी पाहा, असे मी शिकाऊ परिचारिकांना सांगत असे. स्वतःच्या घरी मात्र मीच चुकले.

पशुवैद्यांच्या सल्ल्याने तिला स्वतंत्र खोली, ताट व वाळूचे पात्र दिले. पिल्लाला दोरीशी खेळवून दमवू लागले. त्याचा तरी काय दोष? आईभावंडांपासून लवकर तुटलेल्यास चाव्याची मर्यादा कोण शिकवणार? आठवड्यांनी दोघांची पुन्हा गाठ घातली. आता ती एक चापट देते आणि ते थांबते.

आपण खाण्यापूर्वी जनावरास घालावे, ही आपल्या हाखामांची शिकवण. त्या दोन दिवसांत मी तिचे ताट भरले. ते रिकामे झाले का, हे पाहिले नाही. आपल्या घरांतील गप्प वडीलधाऱ्यांच्या ताटाकडेही पाहावे, एवढीच विनंती.