उजवीकडची खुर्ची



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘विमान शिकवणारा नवा मास्तर’ असे सांगितले. हमाल-मापाऱ्यांच्या संघटनेत उभा जन्म घालवलेल्या या माणसाला ऊन लागले असावे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा संशय रास्त होता. मी दहावीनंतर शाळेचे तोंड पाहिले नाही. जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली राहिलो, पुढे संघटनेत पडलो, आणि जे काही वाचले ते रात्री जेवण झाल्यावर वाचले. विमानात आजवर दोनदा बसलो आहे, आणि दोन्ही वेळा खिडकी दुसऱ्याकडे होती.

पण हा विषय मी शोधलेला नाही, तो माझ्या दारी आला. काही वर्षांपूर्वी आपल्याच गावचा, एस.टी.तल्या एका वाहकाचा मुलगा संध्याकाळी एक कागद घेऊन माझ्याकडे आला. बापाने शेत विकले होते, वर बँकेचे कर्ज होते, आणि त्यातून पोराने वैमानिकाचा धंदेवाईक परवाना मिळवला होता. कंपन्यांत जागा नव्हती. म्हणून त्याने शिक्षक होण्याचे शिक्षण घेतले आणि दूरच्या एका उड्डाणशाळेत त्याला नोकरी लागली. त्या शाळेचे नाव मी घेणार नाही. कागद पुढे ठेवून तो म्हणाला, “भाऊ, येवढं वाचून सांगा. सही करू का नको?”

कागद इंग्रजीत होता, पण वाचता वाचता मला तो ओळखीचा वाटू लागला. महिन्याला एक लहानशी ठरीव रक्कम, आणि बाकी सारे ताशी. तास कोणता? तर विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागी थांबेपर्यंतचा. बाजारातल्या मापाऱ्याला काटा चालला तर मजुरी, हमालाला पोते उचलले तर मजुरी, तसेच हे होते. चाक फिरले तर पैसा. मी त्याला म्हटले, “अरे, हे तर आमचे उक्ते काम झाले! तू काहून एवढा शिकला?”

तो हसला, पण मला झोप आली नाही. उक्त्या कामात हमाल घाई करतो तेव्हा फार तर पोते फाटते. इथे काय फाटेल?

आता हा धंदा काय आहे, ते आधी सांगतो. आपल्या देशात वैमानिकाच्या धंदेवाईक परवान्याला निदान २०० तासांचे उड्डाण लागते. ऐकायला पुष्कळ वाटते, पण आठ तासांची पाळी धरली तर ते पंचवीस दिवस होतात. एवढ्या अनुभवाच्या माणसाला मोठी कंपनी लगेच विचारतेच असे नाही, आणि स्वतःच्या पैशाने आणखी उडायचे तर घर विकावे लागेल. मग तास वाढवायचे कसे? दुसऱ्याला शिकवावे. विमानाचा खर्च विद्यार्थी देतो आणि तास दोघांच्याही वहीत चढतात. यामुळे मौज अशी होते, की कालपरवापर्यंत शिकत होता तोच आज शिकवायला बसतो.

आपल्या शकुंतला गाडीचे उदाहरण घ्या. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन चालले. तुमच्यापैकी केस पिकलेल्यांनी कारंज्याच्या स्टेशनात त्याचा धूर खाल्ला आहे. वाफेच्या गाडीवर आधी वर्षानुवर्षे कोळसा टाकायचा, ड्रायव्हरच्या शेजारी उभे राहून त्याचा हात बघायचा, आणि मग केव्हातरी दांड्याला हात लागायचा. तिथे शिकवणारा सर्वांत जुना माणूस असे. विमानाच्या शाळेत मुख्य शिक्षक जुना असतो हे खरे, पण नवशिक्याच्या शेजारी रोज बसणारा पुष्कळदा सर्वांत नवा असतो. मी हे दोष म्हणून सांगत नाही. ज्याला स्वतःची चूक ताजी आठवते, तो कधी कधी चांगला शिकवतो. पण ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

शिकवणे हा वेगळा धंदा आहे, हे विमानवाल्यांनाही फार किंमत मोजून कळले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लढाईवरून दमून आलेले वैमानिक मुलांना शिकवीत. त्यांना शिकवायचे कसे हे कोणी शिकवलेले नव्हते, आणि त्यातले काही शिष्याला शत्रूपेक्षा भीत. शिकतानाच पुष्कळ पोरे मेली. स्मिथ-बॅरी नावाचा एक अधिकारी होता. १९१४ साली अपघातात त्याचे पाय मोडले होते आणि तो लंगडत चाले. फ्रान्समध्ये तुकडी सांभाळताना त्याच्याकडे जी अर्धकच्ची पोरे येत, त्यांना पाहून त्याने वरिष्ठांकडे पत्रांचा मारा केला. शेवटी त्यांनी गॉसपोर्ट गावची एक शाळा त्याच्या हवाली केली. १९१७ साली तिथे त्याने शिक्षकांनाच शिकवायला घेतले. विमानाला दुहेरी दांडे, गुरू-शिष्यांत बोलायला रबरी नळी, आणि मुख्य म्हणजे संकट टाळायचे नाही. वर उंचावर नेऊन ते मुद्दाम दाखवायचे आणि त्यातून बाहेर कसे यायचे ते शिष्याकडून करवून घ्यायचे. आजच्या सगळ्या उड्डाणशाळा त्याच नळीतून बोलत आहेत, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या पोराने शिक्षकाचे शिक्षण घेतले तेव्हा त्याची पहिली अडचण अगदी साधी होती. लहान शिकाऊ विमानात शिष्य डावीकडे बसतो आणि मास्तर उजवीकडे. इतके दिवस तो डाव्या हाताने विमान वळवीत होता आणि उजव्याने इंजिनाचा जोर कमीजास्त करीत होता. आता सगळे उलटे झाले. धावपट्टीही तिरकी दिसू लागली. तो म्हणाला, “भाऊ, पहिल्या दिवशी मला उतरताच येईना. जणू डाव्या हाताने जेवायला बसवलं.” त्यात भर अशी, की उडवता उडवता बोलायचेही. हात करतो तेच त्याच क्षणी तोंडाने सांगायचे, तेही थोडक्यात आणि न घाबरता. शेजारी जुना शिक्षक शिष्याचे सोंग घेऊन बसतो आणि मुद्दाम चुका करतो. विमानाचा वेग पडला आणि पंखाची उचल संपली, की नाक खाली जाते. नवशिक्याचा हात अशा वेळी घाबरून दांडा मागे ओढतो, आणि तेच घातक असते. दांडा पुढे सोडायचा असतो. म्हातारा उस्ताद तसाच मागे ओढतो आणि बघतो, हे पोर किती वेळात बोलते आणि किती वेळात हात घालते.

सगळी विद्या इथेच आहे. विमान जमिनीला टेकायच्या आधीचे तीन-चार सेकंद घ्या. शिष्याने दांडा थोडा लवकर ओढला तर विमान पुन्हा वर उसळते, वेग संपतो आणि मग ते आदळते. मास्तरने लवकर हात घातला तर पोर कधीच शिकणार नाही, कारण दर वेळी मास्तरच उतरवेल आणि शिष्याला वाटेल आपणच उतरवले. उशिरा घातला तर पुढचे चाक मोडेल. म्हणून नियमच आहे. हात घेताना मोठ्याने म्हणायचे, “आय हॅव कंट्रोल”, आणि समोरच्याने तसेच उत्तर देऊन दांडा सोडायचा. दोघांनीही धरला किंवा दोघांनीही सोडला, असे होता कामा नये.

मला माझा उस्ताद आठवला. चालत्या चाकावर पट्टा चढवायला त्याने मला लावले, तेव्हा तो पाठीशी हात बांधून उभा होता. मी मनात म्हटले, म्हाताऱ्याला माझी पर्वा नाही. पुष्कळ वर्षांनी मला उमजले, की तो नेहमी बंद करायच्या बटनापासून एका हाताच्या अंतरावर उभा राही.

तेव्हा या मास्तराला पैसे कशाचे मिळायला हवेत? त्याचे अर्धे काम जमिनीवर होते. उडण्यापूर्वी फळ्यावर समजावणे, उतरल्यावर चुका सांगणे. आणि त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘आज उडायचे नाही’ असे म्हणणे. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात ४५ अंश ऊन असते. तापलेली हवा विरळ होते. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो, धावपट्टी जास्त लागते. नांगरलेली काळी जमीन तापून हवा वर फेकते, शेजारच्या हिरव्या वावरावर तीच हवा खाली बसते, आणि लहान विमान खाचरातल्या बैलगाडीसारखे उसळते. घारी त्या वर जाणाऱ्या हवेवर मजेत घिरट्या घालतात. त्यांच्यात शिरणे मात्र बरे नव्हे. पुढे पावसाळ्यात ढग झाडांवर टेकतात. अशा दिवशी शहाणा मास्तर विमान बाहेर काढीत नाही. पण ताशी मजुरीच्या कागदाप्रमाणे त्या दिवशी त्याने काहीच काम केलेले नसते.

मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून निघालेले एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात पडले. शिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेली. त्या अपघाताचे कारण सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मजुरीशी त्याचा संबंध मी जोडत नाही. इतकेच म्हणतो, की त्या छोट्या केबिनमध्ये दोन घरांची माणसे बसलेली असतात. त्यातल्या एकाने नाही म्हणायचे असते, आणि ते म्हणताना त्याला खिशाकडे बघायला लागू नये.

मी मुलाला दोन कलमे लिहून दिली. जमिनीवरच्या शिकवणीलाही दर हवा, आणि हवेमुळे उड्डाण रद्द झाले तर दिवस बुडता कामा नये. तो म्हणाला, “भाऊ, मांडतो, पण भांडणार नाही. मला इथं दोनच वर्षं काढायची हायेत. तास झाले की कंपनी.” इथे आमच्यासारख्याची पंचाईत होते. एस.टी.च्या स्टँडवर उभ्या असलेल्या उतारूंची संघटना बांधता येत नाही, कारण प्रत्येकाची नजर आपापल्या गाडीवर असते. कायद्याचाही आधार तोकडाच होता. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले, की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक हा कामगार नव्हे. आता विमान शिकवणारा शिक्षक धरावा, की यंत्र चालवणारा कामगार? मी दोन वकिलांना विचारले. दोघांनी मला चहा पाजला.

जे.आर.डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला या देशातला पहिला परवाना मिळाला, हे आपण शाळेत घोकलेले असते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसत असे, ते कोणी घोकत नाही. आता हा प्रश्न आपल्या अंगणात येतो आहे. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचे विमान सुरू झाले. तिथेच वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले आणि त्यासाठी ३४ शिकाऊ विमाने मागवली. तुमची मुले उद्या तिथे जायचे म्हणतील. त्यांना जरूर पाठवा. पण फी विचारायला जाल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: विमान उडाले नाही त्या दिवशी तुमच्या मास्तरला पगार मिळतो का?

मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून खाली बसतो. जमिनीवरच्या शिकवणीचे थोडे पैसे शाळेने मान्य केले. हवेचे कलम राहून गेले. एकदा दुपारी त्याने उड्डाण नाकारले, तर शिष्याच्या वडिलांनी फोनवर त्याला चार शब्द ऐकवले, कारण त्यांनी शंभर कोसांवरून येऊन मुक्काम केला होता. त्या रात्री त्याचा मला फोन आला. मी त्याला शहाणपण शिकवले नाही, जेवला का एवढेच विचारले.

आणि मग एका सकाळी पुन्हा फोन आला. नव्या, सहायक शिक्षकाला विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकटा सोडण्याचा अधिकार नसतो. जुन्या शिक्षकाने त्याच्या शिष्याबरोबर एक फेरी मारून पाहिली, खाली उतरला आणि पोराला एकटा सोडला. आमचा मुलगा कडेला निंबाखाली उभा होता. उजवीकडची खुर्ची रिकामी, त्यामुळे हलके झालेले विमान रोजच्यापेक्षा लवकर वर उचलले गेले. त्याच्या पोटात धस्स झाले. एक फेरी, सहा-सात मिनिटांची. तो म्हणाला, “भाऊ, हात कुठं ठेवू तेच समजेना.” पोर नीट उतरले. तो वेळ शिष्याच्या वहीत चढला. मास्तराच्या वहीत तो चढत नाही, आणि त्या महिन्याच्या हिशेबातही तो कुठे नव्हता.