पहिले गिऱ्हाईक
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नवउद्योगांविषयी, म्हणजे ज्यांना आता घरोघरी ‘स्टार्टअप’ म्हणतात त्यांच्याविषयी बोलताना एक समजूत गृहीत धरली जाते. कल्पना चांगली असली की पैसा येतो. पैशाला जात नसते. या समजुतीची परीक्षा मुंबईत १९१८च्या सुमारास होऊन गेली आहे. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतलेले आणि लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर सोडावा लागलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या नोकरीतील अपमान सोसून मुंबईस परतले होते. त्यांनी शेअर आणि रोखे यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. अर्थशास्त्राचे इतके पद्धतशीर शिक्षण घेतलेला सल्लागार त्या वेळच्या मुंबईत विरळाच असणार. गिऱ्हाइके येऊ लागली. सल्लागार अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा आहे, हे कळताच ती येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. त्या पेढीच्या अपयशाचे कारण तिच्या हिशेबाच्या वहीत सापडणार नाही.

आता कोण जात विचारतो, असे यावर हमखास म्हटले जाते. तोंडाने विचारत नसतीलही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश निघाली. देशातील १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९० टक्क्यांहून अधिक संचालक उच्च मानल्या गेलेल्या जातींचे आढळले. अनुसूचित जाती व जमातींचे मिळून साडेतीन टक्के. अमेरिकेत कृष्णवर्णीय उद्योजकांना जो अनुभव येतो, त्याची वर्णने येथे मोठ्या सहानुभूतीने वाचली जातात. तीच सहानुभूती शेजारच्या गल्लीपर्यंत पोहोचताना मात्र वाटेत थकते.

साहस भांडवलाच्या व्यवहारात तर आडनावाच्याही आधी ओळख लागते. गुंतवणूकदार कागद वाचण्यापूर्वी विचारतो, यांना कोणी पाठवले? एकाच महाविद्यालयाचे, एकाच वर्तुळातले लोक एकमेकांची नावे सुचवतात. त्यात दुष्टावा असतोच असे नाही. परिणाम मात्र तोच होतो. शिवाय अगदी पहिला पैसा वडिलांचा, मामाचा किंवा सासऱ्यांचा असतो. ज्यांच्या मागच्या तीन पिढ्यांना जमीन वा दुकान मिळू दिले गेले नाही, त्यांच्या मुलांनी तो कोठून आणावा?

शासनाने काही वाटा मोकळ्या केल्या. २०१४-१५च्या अर्थसंकल्पात अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी २०० कोटी रुपयांच्या साहस भांडवल निधीची घोषणा झाली. २०१६च्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेने प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती किंवा जमातीच्या निदान एका व्यक्तीला आणि निदान एका स्त्रीला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे ठरवले. त्याआधी २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संस्था स्थापन केली होती. नोकरी मागणाऱ्यांनी नोकरी देणारे व्हावे, ही तिची भूमिका. तिच्या पाठपुराव्यानंतर २०१२च्या सरकारी खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करण्याचे उद्दिष्ट आले. प्रत्यक्ष खरेदी मात्र वर्षानुवर्षे त्याच्या बरीच खाली राहिली. कर्ज मंजूर होते, माल तयार होतो आणि घेणारा सापडत नाही.

हे दुखणे राजर्षी शाहू महाराजांनी नेमके ओळखले होते. पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढण्यास मदत केली. हॉटेल निघाले, पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून चहा मागवू लागले. बरोबरच्या बड्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. छत्रपतींसमोर नको कोण म्हणणार! भांडवल देणारे संस्थानिक आणखीही असतील. चारचौघांत त्या कपातला चहा पिणारा मिळणे दुर्मीळ होते.

रायपूरचे चित्र यापेक्षा वेगळे मानण्याचे कारण नाही. २०११च्या जनगणनेनुसार छत्तीसगडात अनुसूचित जमाती ३० टक्क्यांहून अधिक आणि अनुसूचित जाती सुमारे १३ टक्के आहेत. सर्व माणसे समान आहेत, हे गुरू घासीदासांनी याच भूमीत दोनशे वर्षांपूर्वी सांगितले. शहरात ‘३६ इंक’सारखे नवउद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणारे केंद्रही उभे राहिले. मराठी कुटुंबे या भागात भोसल्यांच्या काळापासून आहेत. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९मध्ये सुरू झाल्यावर त्यांत भर पडली. यांतील पुष्कळांनी नोकरीची वाट धरली, आणि नोकरदाराला वाटते की भांडवलाचा हा प्रश्न व्यापाऱ्यांचा, त्याच्याशी आपला संबंध काय?

पण कारखान्यात सुटे भाग कोणाकडून घ्यायचे, हे खरेदी विभागातला नोकरदारच ठरवतो. कर्जाच्या अर्जावरचा पहिला शेरा बँकेतला नोकरदारच लिहितो. एखाद्या सतनामी तरुणाने तयार केलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर, किंवा बस्तरच्या एखाद्या गोंड मुलीने बाजारात आणलेली चिंच आणि महुआची उत्पादने दारी आली, तर ती चाखून, वापरून, दर पाहून घ्यायची की नाव ऐकून परत पाठवायची, हे ठरवायला गुंतवणूकदार असावे लागत नाही. या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीजणांच्या सहीने महिन्याकाठी खरेदीची बिले मंजूर होतात, याची मोजदाद शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाला एका संध्याकाळी करता येईल.