जुनी शिकारी रायफल आणि तिचा वारस

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वर्षाचा हिशेब मंजूर झाला, आणि आता एका निवृत्त शाळामास्तराने बंदुकीवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटत असेल. परंतु कार्यकारी मंडळाने हा विषय सहेतुक निवडला आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत आजोबा-पणजोबांनी घेतलेली शिकारीची रायफल अद्याप आहे. ज्यांच्या नावावर परवाना आहे ते पुष्कळ ठिकाणी सत्तरीच्या पुढे गेले आहेत. मुले पुण्यामुंबईस, काही परदेशी. त्या वस्तूचे पुढे काय, हा प्रश्न घरोघर मनात असतो. पण वडीलधाऱ्यांच्या मरणाचा विषय कसा काढावा म्हणून कोणी तो ओठांवर आणीत नाही. तो आज आपणांपुढे उघडपणे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम वस्तूची ओळख. आपण सरसकट 'बंदूक' म्हणतो. पण छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तर रायफलीच्या नळीत मळसूत्री चर कोरलेले असतात. त्या चरांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. आपल्याकडील जुन्या रायफली बहुधा विलायती. होलंड अँड होलंड ही पेढी १८३५ सालची, बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स १८१२ सालची. पुष्कळांचा सांगाडा जर्मन माउझरच्या १८९८ सालच्या बांधणीचा. त्यांच्या बोअरच्या आकड्यांतही इतिहास दडलेला आहे. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या उपयोगी पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने ४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी घातली, तेव्हा कारागिरांनी ४६५ आणि ४७० असे नवे बोअर काढले. ३०३ बोअर लष्कराचा. म्हणून सामान्य नागरिकांसाठी ३१५ बोअर आला, आणि इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ रायफल देशभर प्रसिद्ध झाली. राज्यकर्त्याला प्रजेच्या हातातील शस्त्राची किती धास्ती असते, हे या आकड्यांवरून कळते.

रायफल माणसाहून दीर्घायुषी असते, ही या विषयातील मुख्य गोष्ट. जिम कॉर्बेट यांचे उदाहरण घ्या. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला त्यांनी १९०७ साली मारले. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना रिग्बी या विलायती पेढीने बनविलेली २७५ बोअरची रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसे लिहिलेली चांदीची पट्टी आहे. कॉर्बेट १९४७ साली केनियात गेले आणि १९५५ साली तेथेच निवर्तले. त्यांना अपत्य नव्हते. ती रायफल त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, अनेक वर्षे राहिली, आणि २०१५ साली रिग्बीनेच ती विकत घेऊन आपल्या घरी नेली. धनी गेल्यावर साठ वर्षांनीही ती उत्तम स्थितीत होती, याचे कारण एकच : प्रत्येक टप्प्यावर तिची जबाबदारी घेणारे कोणीतरी होते.

आपल्याकडे हा टप्पाच निसटतो. मी एका गावी शिक्षक असताना पाहिलेली हकीकत सांगतो. नावे सांगत नाही. तीन भावांचे घर. वडील वारले. जमीन वाटली, भांडी वाटली, बैल वाटले. रायफल वाटता येईना, म्हणून ती कातडी पेटीत घालून माळ्यावर ठेवली. थोरल्याला वाटे धाकटा कागद करील, धाकट्याला वाटे थोरला. नऊ पावसाळे गेले. पेटी उघडली तेव्हा नळी आतून गंजाने खाल्लेली, दस्त्यावर बुरशी, आणि परवाना वडिलांबरोबरच संपलेला. तिघांना कचेरीत खेटे घालावे लागले ते लागलेच. पण वडिलांचा जीव जिच्यावर होता ती वस्तू लोखंडाच्या भावाची होऊन बसली, याचे दुःख त्यांना अधिक झाले. त्या घरात दुष्ट कोणी नव्हते. वेळेवर बोलले कोणी नाही, एवढेच.

आता निगेविषयी. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो, तो मिठासारखा हवेतील ओल ओढतो आणि रातोरात गंज धरतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिकारी बार काढल्यावर आधी नळीतून कढत पाणी सोडीत, मग कोरड्या फडक्याने पुसून शेवटी तेलाचा हात फिरवीत. गज शक्यतो मागच्या बाजूने घालावा. तोंडाकडून घातल्यास नळीचे तोंड झिजते व नेम बिघडतो. तेल बेताचे लावावे. फार लावल्यास ते ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते व लाकूड मऊ पडते. अक्रोडाच्या दस्त्यास उकळलेले जवसाचे तेल हाताच्या तळव्याने चोळावे. कातडी पेटी प्रवासापुरती. कातडे ओल धरते, म्हणून त्यात पावसाळा काढू नये. कोकणात आषाढ-श्रावणात दर पंधरवड्यास रायफल बाहेर काढून पुसलीच पाहिजे. जुना निळसर काळा रंग घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. आणि नळीवरील क्रमांकास कदापि हात लावू नये. ओळखीची खूण खोडणे हा गुन्हा आहे. शिवाय परवान्यावरील आकडा आणि नळीवरील आकडा जुळणे हीच तिची जन्मपत्रिका होय.

आता कायदा. १८७८ चा शस्त्रकायदा जाऊन १९५९ चा आला, तो १९६२ पासून अमलात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. वडिलोपार्जित असली तरी दोहोंची मर्यादा सुटत नाही. एक तरतूद मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक वारल्यावर वारसास परवाना मागता येतो; एवढेच नव्हे, तर धारकाने वयाची सत्तर वर्षे पुरी केली असल्यास किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगली असल्यास, हयातीतच तो आपला वारस नेमून त्याच्या नावे परवाना मागू शकतो. वारसाचे वय एकवीस पूर्ण हवे. वारस म्हणजे मुलगाच असे नाही. कन्या, सून, नात यांचाही त्यात समावेश आहे. माझ्या मते ज्या घरी मुलगी गावात आहे आणि मुलगा परदेशी आहे, तेथे हा विचार आधी व्हावा. घरी वारस नसेल किंवा कोणास हौस नसेल, तर रायफल परवानाधारक व्यापाऱ्यास विकावी अथवा पोलीस ठाण्यात जमा करावी. यात कमीपणा नाही. बेवारस माळ्यावर ठेवण्यात आहे.

कोणी विचारील, शिकारच बंद, मग हे लोढणे कशाला? प्रश्न रास्त आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार संपली, आणि ती संपली हे बरे झाले. कॉर्बेट यांनीही पुढील काळात बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला. ज्या घरांत भिंतीवर वाघाचे कातडे वा सांबराची शिंगे आहेत, त्यांनी त्यांचे मालकीचे प्रमाणपत्रही पाहून घ्यावे. तो कागद बंदुकीच्या परवान्याहून वेगळा आहे. रायफल जपावयाची ती पराक्रमाची खूण म्हणून नव्हे, तर कारागिरीचा नमुना आणि घराण्याच्या स्मृतीचा भाग म्हणून. दक्षिणेत कोडगूच्या कोडवा लोकांना परवान्यातून सूट आहे, आणि ती २०२९ पर्यंत वाढविण्यात आली आहे. कैलपोळ्दच्या सणाला ते शस्त्रे मांडून त्यांची पूजा करतात. आपणही खंडेनवमीला शस्त्रांना फूल वाहतो. आपणांस तशी सूट नाही. पण पूजेचा अर्थ एकच आहे. ज्याची पूजा करावयाची त्याचा खेळ करावयाचा नाही. म्हणून लग्नात वा मिरवणुकीत बार काढण्याची हौस आपल्या ज्ञातीतून कायमची जावी. २०१९ पासून, अविचाराने इतरांच्या जिवास धोका होईल असा बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा नसता तरी, वरातीत पोरेबाळे असतात हे कारण पुरेसे होते.

बंधुभगिनींनो, शाळामास्तराला गृहपाठ दिल्यावाचून राहवत नाही. घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. परवान्याची मुदत आणि नळीवरचा क्रमांक एका वहीत लिहून ती वही घरातील दोघांना दाखवा. रायफल एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा, आणि किल्ल्या कोठे आहेत हे मुलांना कळू देऊ नका. तिसरी गोष्ट अवघड आहे. दिवाळीत सर्वजण जमतील तेव्हा ज्येष्ठांनी स्वतःच हा विषय काढावा, आणि हिचा सांभाळ कोण करणार असे विचारावे. जो किंवा जी 'मी' म्हणेल, त्याच दिवशी त्यांच्या हाती गज आणि फडके द्यावे व पुसावयास शिकवावे. इतरांची संमती लेखी घ्यावी. कोणीच 'मी' म्हणाले नाही, तर रागावू नये. ज्येष्ठांनी आपल्या हातांनी तिची रीतसर व्यवस्था लावावी.

ज्यांना अर्ज लिहिण्यास अडचण असेल त्यांनी मेळावा संपल्यावर मला भेटावे. अक्षर अद्याप बरे आहे, आणि वेळ भरपूर आहे.